दुखणं माझं, बटन मालकांचं

वळसंग

गावातलं कुणी तिरुपतीला जाऊन आलं की आठ दिवस ओट्यावर बसून सांगत राहतं. मी सोलापूरला जाऊन पोट कापून घेऊन आले, तर मला कुणी काही विचारलं नाही. जे विचारायचं ते मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "बेस झालं सगळं. कायबी तरास झाला न्हाय." त्रास कुणाला झाला नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी हे वहीत लिहून ठेवते. पुढं एखाद्या बाईवर तिकडं जायची वेळ आली तर तिला वाटेची माहिती असावी.

माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि ती चांगल्यातली नव्हती. ही बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली. आधी मालकांना कळली, मग वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, मग भावकीला. वन्सं म्हणाल्या, "तिला सांगू नका, घाबरंल." हे त्या बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर भाकरी थापत होते.

निघालो त्या दिवशी जीपमध्ये पुढं मालक बसले. मधल्या सीटवर वन्सं आणि त्यांचं गाठोडं. मागं मी आणि ज्वारीची दोन पोती. पोती सोलापुरातल्या पाहुण्यांना द्यायची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू हुरड्यात आला होता. एका वस्तीवर जीप थांबवून मालकांनी आणि वन्संनी हुरडा खाल्ला, शेंगाचटणीबरोबर. मला डॉक्टरांनी दोन दिवस नुसतं पातळ प्यायला सांगितलं होतं. वन्सं मूठभर गरम हुरडा माझ्या नाकापुढं धरून म्हणाल्या, "वास तरी घे की." मी वास घेतला. या प्रवासातलं माझं खाण्याचं वर्णन इथंच जवळजवळ संपतं.

जुळे सोलापूर

रात्रीपुरतं मालकांच्या चुलत भावाच्या फ्लॅटवर उतरलो. तिथं सगळी दारं लावलेली असतात आणि शेजारी कोण राहतं हे कुणाला माहीत नसतं. आमच्याकडं शेजारणीच्या घरात आमटीला फोडणी काय दिली हेही माहीत असतं. मला तो फ्लॅट आवडला.

जाऊबाई नोकरी करतात. चहाचा कप मालकांपुढं ठेवत त्या म्हणाल्या, "एक सांगते भावजी, पाठीत सुई घालू देऊ नका. माझ्या सिझरला घातली, तेव्हापासून पाठ गेली ती गेलीच." मालकांनी ते मनात पक्कं केलं. ज्या पाठीबद्दल हे ठरलं ती माझी होती, पण चहा त्यांच्यापुढं होता.

दवाखाना, खालचा मजला

दवाखान्याच्या दारात वॉचमन लोकांचे खिसे तपासतो. तंबाखू आत नेऊ देत नाही. मालकांनी चंची काढून दिली आणि दुसरी पुडी पायमोज्यात तशीच ठेवली. आत भिंतीवर तंबाखूनं सडलेल्या जबड्यांची मोठमोठी चित्रं होती. त्यातल्या एका चित्राखालच्या बाकावर बसून मालकांनी पायमोज्यात हात घातला आणि चिमूट गालात धरली. चित्रातल्या माणसाचे डोळे दिसत होते. मला त्याच्याकडं बघवेना.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्याहून लहान. माझ्याकडं बघून बोलणारं हे त्या दिवसातलं पहिलं माणूस.

"ऑपरेशन मोठं आहे," त्या म्हणाल्या. "नंतर दुखणार. ते आटोक्यात ठेवायच्या तीन पद्धती आहेत. एक, पाठीत केसासारखी बारीक नळी घालायची, त्यातून औषध आपोआप थेंब थेंब जात राहतं. दुसरी, हाताच्या शिरेला मशीन जोडायचं आणि तुमच्या हातात बटन द्यायचं. दुखलं की दाबायचं. तिसरी, तुम्ही सांगाल तसं सिस्टर इंजेक्शन देणार. तिन्हीकडं मुख्य औषध अफूच्या जातीचंच. पाठीच्या नळीत त्याच्या जोडीला बधिर करायचं औषधही असतं. तुमच्यासाठी मला पाठीतली नळी बरी वाटते. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हा प्रश्न मला नवीन होता. मी उत्तर शोधत होते तोवर मालक म्हणाले, "पाठीत नगं."

"का? त्यानं पाठ कायमची जात नाही. तो लोकांचा गैरसमज आहे."

"नगं म्हंजी नगं. शेतातलं काम असतंय तिला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं. बाईंनी सुस्कारा सोडून कागदावर बटन लिहिलं. "सारखं दाबलं तरी भीती नाही," त्या मला म्हणाल्या. "एकदा औषध गेलं की मशीन काही वेळ बंदच राहतं. कितीही दाबा, वरचा थेंब देत नाही. आणि हे नुसतं सुखासाठी नाही बरं का. दुखणं थांबलं तरच तुम्ही खोकाल, खोल श्वास घ्याल, चालाल. नाहीतर छातीत कफ साठतो."

मालकांनी यातला अफू हा एकच शब्द बरोबर नेला.

दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड

ऑपरेशनचं मी काही सांगू शकत नाही, कारण मी तिथं नव्हते. पहिली रात्र आयसीयूच्या काचेच्या खोलीत अर्धवट गुंगीत गेली, सकाळी वॉर्डात आणलं. नीट शुद्धीवर आले तेव्हा बेंबीच्या वरपासून खालपर्यंत कुणीतरी नांगर धरला होता. सिस्टरनं माझ्या तळहातात बटन ठेवलं. टॉर्चच्या टोकासारखं, हिरवा दिवा असलेलं. "मावशी, दुखलं की दाबा. तुम्हीच दाबायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," असं म्हणून ती पुढच्या खाटेकडं गेली.

माझी बोटं ढिली होती. बटन घसरायला लागलं. मालक म्हणाले, "पडंल," आणि उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं.

आमच्या घरात मोटारीच्या स्टार्टरची किल्ली, कपाटाची किल्ली, टीव्हीचा रिमोट आणि माझं आधार कार्ड मालकांच्या खिशात असतं. त्या खिशात गेलेली वस्तू मागून मिळत नाही, ती त्यांना वाटेल तेव्हा बाहेर येते. आता मशीनपासून निघालेली वायर खाटेच्या दांड्यावरून मालकांच्या खिशात गेली होती. शेळीचं दावं धरून बाजारात बसतात तसे ते स्टुलावर बसले होते. येणारा जाणारा प्रत्येक माणूस ती वायर ओलांडून जात होता आणि कुणालाही ती दिसत नव्हती.

मालकांनी वेळा ठरवल्या. एकदा सकाळी चहाबरोबर. एकदा त्यांचं जेवण झाल्यावर. संध्याकाळी पाळी बदलायला वन्सं आल्या की एकदा. मग बटन वन्संकडं. पाटाचं पाणी सोडायला माणूस बदलतो तसं त्यांचं बोलणं व्हायचं.

"किती दिलं?"

"तीनदा दिलं. आता पहाटंला बघ, लईच कण्हली तर."

शेतात वीज येते तसं मला औषध येत होतं. फरक एवढाच की विजेचं वेळापत्रक आधी कळतं.

मी एकदा डोळ्यांनी खिशाकडं खूण केली. मालक समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, अफू हाय ती. सवय लागली तर घरी कुटनं आणायची?" बोलताना त्यांच्या गालात तंबाखूची गोळी होती. ती जिभेनं दुसऱ्या गालात सरकवून ते पुढं म्हणाले, "सोसायची सवय ठिवावी माणसानं."

दुसऱ्या दिवशी गावाकडची चार माणसं भेटायला आली. त्यांना मशीन कसं चालतं ते दाखवायला म्हणून मालकांनी एकदा बटन दाबलं. सगळे म्हणाले, "वा!" त्या दिवसातला तेवढाच वेळ मला सुखाचा गेला. मनात आलं, आणखी पाहुणे यावेत.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर महादेवी होती. अक्कलकोटच्या पलीकडची, बोलणं अर्धं कानडी. नवरा नाही. सोबत बहीण होती, ती सारखी झोपलेली. त्यामुळं महादेवीच्या पाठीचं ठरवायला दुसरं कुणी नव्हतं आणि तिनं पाठीत नळी घालून घेतली होती. तिचंही पोट माझ्याइतकंच कापलेलं, पण ती खाटेवर टेकून बसून केस विंचरत होती. मला ते बघून चमत्कार वाटला आणि थोडा रागही आला.

सगळं चांगलंच होतं असं नाही. तिचे पाय जड पडायचे. "पाय हाईत का पोती?" असं ती स्वतःलाच विचारायची. अंगाला खाज सुटायची. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा तिचा रक्तदाब उतरला आणि ती सिस्टरच्या अंगावर बसली. पण श्वास घ्यायचं खेळणं ती सहज चालवायची. त्या खेळण्यात तीन गोळ्या असतात. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. महादेवीच्या दोन चढायच्या. माझी पहिलीच तळाशी बसून राहायची. श्वास ओढायला गेलं की पोटातला नांगर पुन्हा चालू व्हायचा, म्हणून मी वरवरचा श्वास घेत पडून होते, मांजरासारखी.

त्याच दुपारी वॉचमन वॉर्डात आला. मालकांनी खिडकीतून थुंकल्याची तक्रार होती. दारात दोघांचं जोरात सुरू झालं. भांडण बघायला महादेवी अंगाला पीळ देऊन वळली आणि तिच्या पाठीतली नळी निघून आली. पुन्हा घालायचं जमलं नाही, म्हणून तिला तिसऱ्या पद्धतीवर टाकलं. मागेल तसं इंजेक्शन.

ही पद्धत कशी चालते ते मी जवळून बघितलं. दुखायला लागलं की बाईनं सिस्टरला हाक मारायची. सिस्टर एक आणि खाटा बऱ्याच. ती येणार, कागद बघणार, वेळ झाली का बघणार, कपाटाची किल्ली आणणार, दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरची सही घेणार, मग सुई. तोवर दुखणं पुढं निघून गेलेलं असतं आणि औषध त्याच्या मागं पळत असतं. औषध लागलं की एकदम गुंगी, उतरलं की एकदम आग. या पद्धतीला चांगला घसा लागतो. तो महादेवीकडं होता.

"यव्वा! सत्ते!" म्हणजे आई गं, मेले, असं ती ओरडायची. खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. सिस्टर पळत यायची.

दुखणं किती ते सांगायचे इथं आकडे आहेत. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडं. सिस्टर विचारायला आली की महादेवी म्हणायची, "पंधरा."

"आजी, दहापर्यंतच आहे."

"मग धा घे आनि वर पाच घे."

माझ्या खाटेशी सिस्टर आली की मालक सांगायचे, "दोन." एकदा वन्संनी दीड सांगितलं. हे आकडे ते कुठून आणत होते कुणास ठाऊक. सिस्टर लिहून घ्यायची आणि जायची. तिला अजून वीस ठिकाणी विचारायचं असायचं.

मालक चहाला गेल्यावर महादेवी मला म्हणाली, "ये बाई, तोंड हाय का न्हाय तुला? तुझ्या वाटनीचं बी मीच वरडू काय?"

मी हसायला गेले. हसण्यानं पोटात जे झालं ते लिहीत नाही.

तिसरा दिवस

सकाळी अंगात कणकण होती. छातीत खरखर वाजत होतं आणि खोकला घशापर्यंत येऊन परत जात होता, कारण मी त्याला बाहेर पडू देत नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कफ निघाला पाहिजे. नाही निघाला तर पुन्हा आयसीयूत न्यावं लागेल. कदाचित श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल," असं ते मालकांना म्हणाले. मालक मला म्हणाले, "खोक की." जसं काही मी लाजून खोकत नव्हते.

मग भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मशीनची बटनं दाबून आतली नोंद बघितली. कधी किती वेळा दाबलं ते सगळं मशीन लक्षात ठेवतं. बाईंचा चेहरा उजळला.

"अरे वा! फारच कमी लागलंय औषध. आकडेही दोनच्या पुढं नाहीत." त्या सिस्टरला म्हणाल्या, "हे मशीन आज काढू या. यांना साध्या गोळीवर ठेवलं तरी चालेल. बटन हवं असलेल्या दुसऱ्या बाई आहेत."

मालकांनी मान हलवली. "म्या म्हनलंच हुतं. आमच्या घरच्या बायका घट्ट हाईत."

सिस्टर माझ्या हाताची चिकटपट्टी सोडायला लागली.

मला तेव्हा एवढंच कळत होतं की मशीन गेलं की मला खोकता येणार नाही, आणि खोकता आलं नाही की मला परत त्या काचेच्या खोलीत नेतील. तिथं माझ्या शेजारची एक बाई दुसऱ्या दिवशी दिसली नव्हती. बोलायचं होतं. पण मी शाळेत चौथीपर्यंत होते, तेवढ्या चार वर्षांत गुरुजींनी पाढा विचारला की मला येत असूनही मी बाकाकडं बघत उभी राहायची. इथं तर डॉक्टर, सिस्टर, मालक, वन्सं, एवढी माणसं.

बाई सवयीनं म्हणाल्या, "मावशी, आत्ता दुखणं कितीवर आहे?"

"दोन," मालक म्हणाले.

"आठ," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सिस्टरचा हात थांबला.

"ती जरा घाबरट हाय," मालक म्हणाले. "दोनच हाय."

"आठ," मी पुन्हा म्हणाले. एकदा बाहेर पडल्यावर तो आकडा सोपा वाटला.

बाई खाली वाकल्या. "मग बटन का दाबलं नाहीत हो? आणि बटन कुठंय?"

बोलायचं धाडस आठ म्हणण्यात संपलं होतं. मी वायरीकडं बघितलं. बाईंनी वायरीला बोट लावलं आणि बोट पुढं पुढं नेत त्या दांड्यावरून, चादरीवरून, मालकांच्या सदऱ्यापर्यंत पोचल्या. मालकांनी खिशावर हात ठेवला.

"काढा ते," बाई म्हणाल्या.

"पडत हुतं म्हनून ठिवलं. आन् अफू हाय ती. काळजीपोटीच..."

"अफूची काळजी? तोंडात काय आहे तुमच्या?"

मालकांनी तोंड मिटलं. गिळावं की थुंकावं हे त्यांना ठरवता येईना.

महादेवीनं पलीकडून सांगितलं, "मी बघत हुते की बाई. तीन येळा चा पित्यासारखं देत हुता तिला."

बाईंनी मालकांना चार गोष्टी सुनावल्या. बटन रोग्याच्याच हातात का द्यायचं ते सांगितलं. गुंगी चढली की माणूस झोपतं, झोपलं की दाबत नाही, म्हणून जास्त औषध जात नाही. तिसऱ्या माणसानं दाबलं तर हे कुंपणच मोडतं. पाहुण्यांना दाबून दाखवल्याचं महादेवीनं तेवढ्यात सांगून टाकलं, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. चार दिवस ऑपरेशनच्या दुखण्यापुरतं हे औषध घेऊन लगेच बंद केल्यानं बाई काही अफूबाज होत नाही, हेही सांगितलं. मालक "व्हय, व्हय" म्हणत होते. वन्सं म्हणाल्या, "आमाला कुनी सांगितलंच न्हाय." सांगितलं होतं. फक्त मला सांगितलं होतं.

सिस्टरनं बटन माझ्या मनगटाला पट्टीनं बांधलं. बाईंनी स्वतः आधी थोडं औषध दिलं, आणि श्वास किती चालतोय ते शेजारी उभं राहून मोजलं. थोड्या वेळानं नांगर थांबला. पूर्ण नाही, पण बैल सोडल्यासारखा. नाकाचा शेंडा खाजू लागला आणि मळमळ आली, ती या औषधाचीच, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर वेगळी सुई दिली. मग पोटाशी उशी दाबून धरायला लावली. "आता खोका."

मी खोकले. असं खोकले की महादेवीची बहीण जागी झाली. जे निघालं ते वर्णन करण्यासारखं नाही, पण सिस्टर बघून खूश झाली. नंतर खेळण्याची पहिली गोळी वर चढली आणि क्षणभर तिथं थांबली.

खिडकीपर्यंत

दोन दिवसांनी ताप गेला. तोवर माझा मी हिशोब बसवला होता. उठायच्या थोडं आधी दाबायचं, खोकायच्या आधी दाबायचं, नुसतं पडून असेन तेव्हा बहुतेक नाही. सकाळी वाटीभर तांदळाची पेज मिळाली, मीठ कमी घातलेली. मी हुरड्यासारखी चावून चावून खाल्ली.

तुम्हाला कुठल्या पद्धतीचं विचारायचं असेल तर मला जे वाटतं ते सांगते. नळी घालायला मिळाली तर घाला, पाठ आपली आहे. घसा चांगला असेल तर इंजेक्शनवरही भागेल. बटन मिळालं तर मूठ मिटायला शिका.

सिस्टर म्हणाली, आज खिडकीपर्यंत चालायचं. खाटेपासून खिडकी वीस पावलं असेल. मशीन चाकाच्या दांड्यावर लावलेलं, ते बरोबर न्यायचं. सिस्टरनं दांडा मालकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही ढकला. मावशींच्या मागं मागं राहा."

आमच्याकडं बाजाराला जाताना मालक दहा पावलं पुढं असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांची पाठच जास्त बघितली आहे. आता मी पुढं, कमरेत वाकलेली, आणि ते दांडा ढकलत मागं. वायर आखूड. मी थांबले की त्यांना थांबावं लागे, मी निघाले की निघावं लागे.

"हळू चाल की," ते म्हणाले. "वायर ताणतीया."

खिडकीतून गिरणीच्या जुन्या चिमण्या, गच्च्यांवर वाळत घातलेल्या रंगीत चादरी आणि त्यापलीकडं आमच्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरची धूळ दिसत होती. मी दांड्याला टेकून उभी राहिले. परत वीस पावलं जायचं होतं. मी बटन दाबलं. मशीननं आवाज केला.

"आत्ताच तर दाबलंस न्हवं, खाटंवर?" मालक म्हणाले.

मी पुन्हा दाबलं. आवाज झाला नाही. आता त्यातून थेंबही येणार नव्हता. बाईंनी हे मालकांनाही दोनदा समजावलं होतं, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणून मी आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा, सावकाश. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा ओढला जात होता. सिस्टरनं आकडा विचारला असता, तर मी त्यांच्या वतीनं आठ सांगितलं असतं.